वेली सावकाश उतरवा, झाडांना वर्षभर हात लावू नका

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. नागपूरच्या लक्ष्मीनगरातलं वडिलांचं घर काही वर्षं बंद होतं. मागच्या अंगणात एक जुना गावरान आंबा, एक कडुनिंब, कंपाउंडलगत बेल आणि पेरू आहे. त्या सगळ्यांवर गुळवेल, मनीप्लांट आणि मधुमालती इतकी चढली आहे की आंब्याचं खोडच दिसत नाही. एक माळी म्हणतो, दोन दिवसांत सगळं साफ करतो, झाडंही ‘हलकी’ करून देतो आणि वेलींच्या बुडाला औषध मारतो. शेजारचे काका कडुनिंबाची फांदी त्यांच्या टिनांवर येते म्हणून मागे लागले आहेत. तुम्हाला सुट्टी मे महिन्यात आहे, त्यात हे उरकायचं आहे.

माळ्याला नाही म्हणा. आणि मे तर मुळीच नको. जुन्या बंगल्यांची अंगणं साफ करण्यात माझी बरीच वर्षं गेली. वेलीमुळे मेलेलं जुनं झाड क्वचितच पाहिलं. वेल काढल्यावर दोन-तीन वर्षांत वाळलेली झाडं मात्र धंतोलीपासून खामल्यापर्यंत कितीतरी दाखवता येतील.

कारण साधं आहे. तुमच्या आंब्याच्या खोडावर कित्येक वर्षं ऊन पडलेलं नाही. सावलीत राहिलेली साल मऊ असते. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. 2013च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हात एका दिवसात वेलीचं पांघरूण ओढलं की पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूची साल भाजते, काही महिन्यांनी उभी तडकते, आणि त्या फटीत खोडकिडा अंडी घालतो. तोवर माळी पैसे घेऊन गेलेला असतो, आणि घरचे म्हणतात, ‘झाड म्हातारं झालं होतं, गेलं.’

मेचं दुसरं कारण पाखरं. लक्ष्मीनगर, धरमपेठ, सिव्हिल लाइन्स या भागात राखी धनेश अजून आहे. जुन्या आंब्या-निंबाच्या ढोलीत मार्च ते जूनच्या सुमारास मादी आत बसते, तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. ढोलीला चिखलाने लिंपलेली उभी फट दिसली तर पाऊस लागेपर्यंत त्या झाडाखाली कुऱ्हाडसुद्धा ठेवू नका. पिंगळा आणि कावळ्यांचाही हाच हंगाम.

मग कधी? पाऊस ओसरल्यावर, पोळा झाला की तयारीला लागा आणि दसऱ्याच्या मागेपुढे काम काढा. याला कारण आपली काळी माती. पावसात ती चिकट चिखल असते, डिसेंबरनंतर दगड होते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मधल्या काही आठवड्यांत वाफसा, म्हणजे माती ना चिकट ना कडक अशी ओल, असतो, तेव्हा मधुमालतीचं मूळ कुदळीच्या एका हलक्या दणक्याने अख्खं वर येतं. तेच मूळ जानेवारीत खणायला गेलात तर ते वरच तुटतं आणि प्रत्येक तुकड्यातून नवा कोंब येतो. मेच्या सुट्टीत हवं तर अंगणाची नीट पाहणी करा, फोटो काढून ठेवा, कोणती वेल कुठून चढली ते खडूने भिंतीवर लिहा. ते काम कमी मोलाचं नाही.

आता वेली. सगळ्यांना एकच माप लावू नका. काही नुसत्या टेकतात, काही सालीला धरून चढतात आणि काही झाडाचं रक्त पितात. तुमच्या यादीतल्या तिन्ही वेली पहिल्या दोन जातींतल्या आहेत, म्हणजे झाडातून काही शोषत नाहीत. त्रास होतो तो वजनाचा, सावलीचा आणि वाऱ्याचा. मृगाच्या आधी जे वादळ येतं त्यात वेलींनी लादलेला शेंडा शिडासारखा वारा धरतो आणि फांदी मोडते.

पद्धत अशी. वेल ओढायची नाही. घोट्याच्या उंचीवर एक काप, छातीच्या उंचीवर दुसरा, मधला तुकडा काढून टाकायचा. खोडाला चारही बाजूंनी फिरून बघा. मागच्या बाजूने मनगटाएवढी एखादी वेल हमखास सुटते. काप घेताना झाडाच्या सालीला कोयता लागू देऊ नका, वेलीखाली लाकडाची फळी सरकवून मग कापा. मग वरचा सगळा पसारा तसाच झाडावर सोडून द्या. महिना-दीड महिन्यात पानं झडतात, दांडे ठिसूळ होतात आणि थंडीत हलक्या हाताने तुकडे-तुकडे उतरतात. हिरवी वेल ओढली तर सालीचे पापुद्रे तिच्यासोबत येतात, शिवाय वर अडकलेली वाळकी फांदी ओढणाऱ्याच्या डोक्यात पडते. या धीम्या पद्धतीचा मोठा फायदा असा की पानं हळूहळू झडतात, ऊन हळूहळू आत येतं आणि सालीला थंडीचे महिने मिळतात. अंगण महिनाभर भकास दिसेल, लोक विचारतील. दिसू द्या.

गुळवेलीला मात्र ही पद्धत पुरत नाही. तिला अमृता म्हणतात ते उगाच नाही. बुडाशी कापलेली गुळवेल वर लटकत राहते, हिरवीच राहते, आणि काही आठवड्यांत सुतळीसारखी बारीक मुळं खाली सोडते. ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा सुरू. म्हणून दर आठवड्याला एक फेरी मारून लोंबणारे दोरे तोडा. उतरवलेले तुकडे अंगणात टाकू नका, खतातही नाही. प्रत्येक पेर रुजतं. गच्चीवर पसरून कडकडीत वाळवा. निंबावरची गुळवेल औषधी म्हणून कोणीतरी मागायला येईलच. द्या हवी तर, पण स्वतःच्या मनाने काढे करून रोज पिऊ नका. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाने त्याला आक्षेप घेतला. तो वाद वैद्य-डॉक्टरांनी सोडवावा. पण सारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होते हे खरं आहे.

मनीप्लांट कुंडीत पाहिलेल्या माणसाला झाडावरचा मनीप्लांट ओळखू येत नाही. वर चढला की त्याची पानं ताटाएवढी होतात आणि कडेने फाटतात. तो सालीला बारीक मुळांनी चिकटतो. ती मुळं खरवडायची नाहीत, वाळून आपोआप गळतील. चिकाने हाताला खाज येते, हातमोजे घाला. जमिनीवर पसरलेला मनीप्लांट गुंडाळून काढता येतो, पण एक पेर राहिलं तरी पावसात परत हजर, तेव्हा पुढच्या जुलैत दुसरी फेरी धरूनच चाला.

मधुमालती मला स्वतःला आवडते. संध्याकाळी अंगणात तिचा वास असावा असं कोणाला वाटत नाही? पण तिची जागा आंब्यावर नाही. ती लाकडी होते, मुळांतून लांबवर फुटवे काढते. मूळ गड्डा खणून काढा, आणि ठेवायचीच असेल तर गेटजवळ लोखंडी कमानीवर एक फुटवा लावून दरवर्षी फुलं संपली की निर्दय छाटा. बोगनवेलीचंही तेच.

तुम्ही लिहिलं नाही, पण बंद अंगणात आणखी काही गोष्टी सापडतात, त्या बघून घ्या. खाजकुहिरीच्या शेंगांवर तपकिरी लव असेल तर वाऱ्याच्या दिवशी जवळही जाऊ नका. ही वेल शेंगा धरण्याआधी, पावसातच उपटायची. लाल-काळ्या बियांची गुंज असेल आणि घरी नातवंडं येणार असतील तर पडलेल्या बियासुद्धा वेचून काढा, त्या विषारी आहेत. पिवळ्या शेवयांसारखी अमरवेल दिसली तर ती खऱ्या अर्थाने रक्त पिणारी. तिला जमिनीत मूळच नसतं, म्हणून बुडाशी कापायला काही सापडत नाही. ज्या डहाळ्यांना तिने वेढलंय त्या डहाळ्यांसकट काढावी लागते. आणि आंब्यावर बांडगूळ जवळपास नक्की असणार. आंब्याची पानं नसलेली, जाड फिकट पानांची वेगळीच झुपकेदार फांदी दिसेल, ती तीच. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीवर पुसून जातो. नुसतं बांडगूळ तोडलं तर ते पुन्हा फुटतं, कारण त्याची मुळं फांदीच्या लाकडात गेलेली असतात. चिकटलं आहे तिथून खोडाकडे हातभर आत फांदी कापावी लागते. फांदी बारीक असेल तर याच हंगामात, जाड असेल तर पुढच्या वर्षी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘रोगराई घेऊन जा’ म्हणत नागपुरात मारबत काढतात, तिच्यासोबत बांडगूळही जात असतं तर बरं झालं असतं, पण त्याला करवतच लागते.

आंब्याच्या बेचक्यात किंवा कंपाउंडच्या भिंतीत पिंपळाचं रोप असेल तर त्याला सगळ्यांत आधी हात घाला. बोटाएवढं असताना मुळासकट निघतं. मनगटाएवढं झालं की भिंत तरी जाते नाहीतर झाड. पिंपळ तोडायला कामगार घाबरतात, घरचेही. ओलं फडकं गुंडाळून उपटा आणि कुंडीत लावून एखाद्या मोकळ्या जागी द्या, मग कुणाचीच हरकत राहत नाही.

माळ्याच्या ‘औषधा’बद्दल. बहुधा ते ग्लायफोसेट असणार. 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या अंगणात वेलीचा दांडा आणि आंब्या-पेरूचे फुटवे एकमेकांत गुंतलेत, फवारा कुठे वेलीवर आणि कुठे झाडावर पडला हे कळणारही नाही. मीठ, रॉकेल, जुनं इंजिन ऑइल हे घरगुती उपाय तर त्याहून वाईट. मीठ मातीत राहतं, आणि त्याच मातीत तुमच्या आंब्याची मुळं आहेत.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. पाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी लांब काठीने हलवायचा. नाग, घोणस, मण्यार हे इथले जुने रहिवासी आहेत, विंचूही. गमबूट घाला, साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. आणि घराकडे येणारी विजेची तार वेलीत गुंतलेली असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोयता चालवू नका.

वेली उतरल्या की झाडं पहिल्यांदा नीट दिसतील, आणि बघवणार नाहीत. वाकडी, अर्धी उघडी, आत वाळक्या काड्यांचं जाळं. इथेच माणसाचा हात शिवशिवतो. पण पहिल्या वर्षी फक्त पूर्ण वाळलेल्या आणि डोक्यावर पडतील अशा फांद्या काढा. हिरव्या फांदीला हात नाही. झाडाची बरीच पानं वेलीच्या सावलीत गेलेली असतात, साठा आधीच कमी असतो. उरलेली पानं म्हणजेच त्याची कमाई. खोडावर फुटलेले नवे धुमारेसुद्धा ठेवा, ते सालीला सावली देतात. उघड्या पडलेल्या पश्चिम बाजूला फेब्रुवारीअखेर पातळ चुना मारा. फार पांढरंशुभ्र करायची गरज नाही, ऊन परतवण्यापुरता थर पुरे.

आंब्याच्या बुडाशी डिंक येत असेल, तर त्या भागाला बोर्डोमलम हा बुरशीनाशक लेप लावा. संत्रावाले शेतकरी कोणीही सांगतील: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून तिसऱ्या बादलीत एकदमच ओतायचं. लोखंडाचं पातं बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, अजून घाला. घरच्या एका झाडाला याच्या दहाव्या हिश्श्याचं प्रमाण पुरतं. खोडाला बारीक भोक आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा आहे: तार आत घालून अळी मारायची, पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सारायचा, वरून चिखलाने लिंपायचं. मातीचे पापुद्रे, म्हणजे वाळवी, दिसली म्हणून घाबरू नका. ती बहुतेक वेळा मेलेली साल खात असते, खरडून टाका.

ढोली असेल तर सिमेंट भरायला कोणी सांगेल. जुन्या काळी भरत असत. खोड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, दोघांच्या मध्ये फट पडते, पाणी साचतं आणि कुज आत वाढते. ढोली तशीच ठेवा. पोकळ खोड म्हणजे मेलेलं झाड नव्हे. झाड जिवंत असतं ते बाहेरच्या थरांत. लाकडी हातोड्याने ठोकून अंदाज घ्या. ढोबळ हिशोब असा की मजबूत लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी तरी हवी, म्हणजे 60 सेंटिमीटर जाडीच्या खोडाला सगळीकडे साधारण 10 सेंटिमीटर. त्याहून कमी असेल, किंवा बुडाशी फळीसारखी कडक अळंबी उगवली असेल, तर जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. बुडाची अळंबी मला ढोलीपेक्षा जास्त घाबरवते, कारण कुज मुळांत असू शकते.

दुसऱ्या वर्षी, झाडाने नवी पालवी नीट धरली तर, थोडी छाटणी करा. एका वर्षात दहाव्या हिश्श्याहून जास्त हिरवा पसारा काढू नका. फांदी खोडाला मिळते तिथे एक सुरकुतलेली फुगीर कड असते, ती राखून तिच्या बाहेर काप घ्यायचा. खोडाला घासून कापलं तर जखम मोठी होते, लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. जाड फांदी तीन कापांत: आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, मग त्याच्या थोडं बाहेर वरून, फांदी पडली की उरलेला खुंट कडेशी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल वीतभर सोलून नेते. जखमेवर डांबर, रंग काही लावू नका. अमेरिकी वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की असल्या लेपांनी कुज थांबत नाही. झाड स्वतःच जखमेभोवती आतून भिंत घालतं. आपल्याकडे कापलं की डांबर ही सवय मात्र जात नाही.

माळ्याचं ‘हलकं करणं’ म्हणजे शेंडे उडवणं. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेची जुन्या आंब्यांचं पुनरुज्जीवन करायची पद्धत आहे, त्यात मोठ्या फांद्या बऱ्याच खाली कापतात, आणि कोणीतरी तिचं नाव तुम्हाला सांगेल. ती बागेसाठी आहे, जिथे नंतर खत, पाणी, फुटव्यांची विरळणी आणि खोडकिड्यावर नजर ठेवायला रोज माणूस असतो. तुमचं घर बंद असतं. ती पद्धत विसरा.

छाटणीपेक्षा जमिनीकडे बघितलं तर जास्त फायदा. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. अंगण साफ झालं की लोकांना पहिली हौस गट्टू, म्हणजे फरशीचे सिमेंट ठोकळे, बसवायची. तेवढं करू नका. बसवायचेच असतील तर आंब्याच्या घेराबाहेर, वाटेपुरते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढायला सांगितलं होतं. ते किमान आहे, जुन्या आंब्याला मीटरभराने काय होतं? घेराखालचा पाचोळा जाळू नका, वीतभर थर तसाच पसरा, फक्त बुंध्यापासून हातभर जागा मोकळी सोडा. काळ्या मातीला भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात. पाचोळ्याखाली भेगा कमी पडतात. घेराच्या कडेने उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांतून एकदा पाइप रात्रभर अगदी बारीक सोडून द्या. रोज बुंध्याशी बादलीभर ओतण्याने काही होत नाही. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी रोज त्याच झाडाला घालू नका, पाणी उडून उडून त्यात क्षार साचलेले असतात.

कडुनिंबाच्या शेंड्यांच्या डहाळ्या पावसानंतर तांबूस होऊन वाळलेल्या दिसल्या तर झाड तोडायची घाई करू नका. शेजारच्या तेलंगणात काही वर्षांपूर्वी असे निंब मोठ्या प्रमाणावर वाळलेले दिसले होते. रोगाने वाळलेला शेंडासुद्धा चैत्रात पुन्हा फुटू शकतो. चैत्रापर्यंत थांबा.

राहिले शेजारचे काका. खाजगी अंगणातलं झाड असलं तरी 1975च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यात झाड ‘तोडणे’ या शब्दात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. 2021च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तुमच्या वडिलांचा आंबा-निंब त्यात बसत असतील असं वर्णनावरून वाटतं. वेली काढायला परवानगी लागत नाही. जिवंत फांदीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागात फोटोसह अर्ज करा, त्यात नेमकी कोणती फांदी आणि कुठून कापायची हे लिहा. अख्खी फांदी बुडातून काढायची गरज नसते. टिनांवर आलेलं टोक मागच्या एखाद्या जाड उपफांदीपर्यंत कमी केलं तरी काकांचं काम होतं. अर्ज आत्ताच करून ठेवा म्हणजे दसऱ्यापर्यंत हातात काहीतरी असेल, आणि काकांना अर्जाची पोच दाखवा. बेल आणि पेरूचे फोटो आले नाहीत. पेरूच्या खोडाचा आणि आंब्याच्या बुंध्याचा जवळून एक-एक फोटो पाठवा, मग त्यांचं सांगतो.